आकडा उतरला, पण कार्यक्रमामुळेच का?

ताई, जिल्ह्यातल्या सगळ्या रुग्णालयांत वर्षभर सुरक्षितता कार्यक्रम राबवला, आयसीयूतला सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग कमी झाला आणि आता वरून 'परिणाम सिद्ध करा' म्हणतायत, हे वाचलं आणि सोलापुरातलं आमचं जुनं दुखणं वर आलं.

रेट काढायचा कसा, ते तुम्हाला ठाऊक असणारच. आधी सांगा, कार्यक्रमापूर्वीची रजिस्टरं शाबूत आहेत का? आमच्या वेळी एका कार्यालयाने (नाव नको) तपासणीआधी रंगरंगोटी काढली आणि आयसीयूची जुनी रजिस्टरं रद्दीत घातली. उरला तो त्यांचा मासिक तक्ता. त्यात संसर्ग किती ते होतं. रोज किती पेशंटना लाइन होती, तो रकानाच नव्हता. मग संसर्ग घटला, की मुळात लाइनच कमी टाकल्या? विचारलं तर, "मॅडम, फॉरमॅटमध्ये तेवढंच आहे." त्याच तक्त्यावर सत्कार झाले! वर उद्घाटन सगळीकडे एकाच दिवशी, त्यामुळे तुलनेला एकही रुग्णालय उरलं नाही.

तुलना का हवी? अमेरिकेत मिशिगनच्या शंभरेक आयसीयूंत असाच कार्यक्रम राबवल्यावर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी संसर्ग दीड वर्षात 7.7 वरून 1.4 वर आला. 2009 पासून इंग्लंडने तोच धडा टप्प्याटप्प्याने गिरवला. तिथेही दर उतरले, पण ज्यांची पाळी अजून यायची होती त्या आयसीयूंतही ते उतरतच होते. टप्पे होते म्हणून हे कळलं.

चेकलिस्टवरच्या बरोबरच्या खुणांवर तर माझा अजिबात भरवसा नाही. उत्तर प्रदेशात 120 केंद्रांवर सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टची चाचणी झाली, निष्कर्ष 2017 मध्ये आले. कर्मचाऱ्यांचं काम सुधारलं, पण माता-बालकांच्या मृत्यूत फरक दिसला नाही.

मी संख्याशास्त्रातली नाही, नर्सिंगमधून क्वालिटीत आलेय. पीएसएमच्या (मेडिकल कॉलेजातल्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाच्या) कुणाला तरी दाखवून घ्याच. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) किती पाठवली तेही बघा, कारण ती कमी पाठवली की संसर्ग आपोआप 'घटतो'. आणि आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला जानेवारी मे महिन्याशी लावू नका, जानेवारीला जानेवारीच.

रजिस्टरं असतील तर रीतसर परवानगी घेऊन, पेशंटची नावं झाकून, पानन् पान स्कॅन करून ठेवा. दिवाळीची साफसफाई निघायच्या आत.