निवृत्त विनाशिका संग्रहालय म्हणून जपणे इतके अवघड का असते?

आपण विचारले आहे की, पोलादाची विनाशिका (डिस्ट्रॉयर ही वेगवान युद्धनौका) धक्क्याला बांधून ठेवली तर ती संग्रहालय म्हणून आपोआप का टिकत नाही. मी राजपूत श्रेणीच्या विनाशिकेवर गॅस टर्बाइनच्या देखभालीचे काम केले आहे आणि आता साताऱ्यात राहतो, म्हणून इकडचाच दाखला देतो: नांदता वाडा कितीही पावसाळे काढतो, पण त्याला कुलूप लागले की वासे कुजायला वेळ लागत नाही.

विनाशिका वेगासाठी बांधलेली असते, त्यामुळे तिचा पत्रा मुळातच पातळ असतो. सेवेतील नौका ठरावीक काळाने ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या कोरड्या गोदीत जाते, तिचा तळ खरवडून रंगवला जातो आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे बदलले जातात. संग्रहालयाला हा खर्च वारंवार पेलत नाही. हवा आणि पाणी आळीपाळीने लागणारा पाणरेषेजवळचा भाग गंजून लवकर खाल्ला जातो. आत वायुवीजन बंद असल्याने दमटपणा साचतो आणि बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या अगदी तळाच्या पोकळीत उतरलेले पावसाचे पाणी कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतील बफेलो येथे १९४३ सालची ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका एप्रिल २०२२ मध्ये तळातून पाणी शिरून धक्क्यालाच कलंडली, आणि तेही गोड्या पाण्यात!

माझ्या मते खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे नौका पाण्याबाहेर ठेवणे. इंग्लंडमधील चॅटम येथे ‘कॅव्हेलियर’ ही विनाशिका कोरड्या गोदीत उभी आहे; दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या १४२ ब्रिटिश विनाशिकांचे ते स्मारक आहे. आपल्याकडे जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईत तरंगती ठेवली होती, परंतु सुरक्षेच्या कारणास्तव २०१२ मध्ये तिचे संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये ती भंगारात गेली. उलट विशाखापट्टणमला किनाऱ्यावर ओढून घेतलेली ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून लोक पाहत आहेत. पाणबुडी लहान असते हे खरे, विनाशिका तशी ओढणे फार महाग पडेल.

पत्रा वाचला तरी यंत्रे कशी चालत असत हे सांगणारी माणसे लागतात. ‘कुरसुरा’वर निवृत्त नौसैनिक माहिती देतात, तेव्हा तिथे गेल्यावर पाट्या वाचण्याआधी त्यांनाच गाठा आणि एखादा व्हॉल्व्ह अंधारात हाताने चाचपून कसा ओळखायचा, ते विचारा.