प्रबळ ज्वाला आणि न झालेला उद्रेक

सौरज्वाला एक्स या सर्वांत प्रबळ वर्गाची आहे एवढ्यावरून प्रभामंडलातील, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातील, द्रव्यही अवकाशात फेकले गेले असेल, असे गृहीत धरू नका. तो वर्ग केवळ क्ष-किरणांची तीव्रता सांगतो. ऑक्टोबर २०१४ मधील १२१९२ क्रमांकाचा सक्रिय प्रदेश (सूर्यावरील प्रबळ चुंबकीय क्षेत्राचा, डागांचा भाग) आधी बारकाईने अभ्यासा, असे मी आग्रहाने सांगेन. चोविसाव्या सौरचक्रातील (सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या डागचक्रातील) या सर्वांत मोठ्या डागसमूहातून सहा एक्स ज्वाला उसळल्या, त्यांपैकी २४ तारखेची एक्स ३.१ इतकी प्रबळ होती, तरीही एकीतूनही मोठा द्रव्य-उद्रेक झाला नाही.

खरी मेख वरच्या चुंबकीय कमानींत आहे. पीळ पडलेला चुंबकीय दोर, म्हणजे चुंबकीय रेषांची जुडी, वर सरकू लागला, तरी त्याला दाबून धरणारे क्षेत्र उंचीनुसार पुरेशा वेगाने क्षीण होत नसेल, तर तो सुटत नाही. या क्षीणतेचा निर्देशांक साधारण १.५ च्या पुढे गेला की दोर अस्थिर होतो, आणि १२१९२ च्या मध्यभागी ही मर्यादा फार उंचावर होती. शिवाय प्रदेशाच्या आकारमानाच्या मानाने पीळही कमीच होता. मला सर्वांत बोलकी वाटते ती त्याच २४ तारखेची एम ४ (एक्सच्या खालच्या वर्गातील) ज्वाला: ती प्रदेशाच्या दक्षिण कडेला झाली, आणि तिच्यासोबत मात्र उद्रेक झाला.

म्हणून ज्वालेचे स्थान प्रथम नोंदवा, आणि नंतरच्या काही तासांची सोहो या सूर्यनिरीक्षक यानावरील लॅस्को प्रभालेखीची (सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडल टिपणाऱ्या दुर्बिणीची) चित्रे पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.