स्वतंत्र घटना, परस्पर अपवर्जी घटना आणि ‘पैकी’ हा शब्द

तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला आहात आणि तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दोन घटना एकाच वेळी घडूच शकत नसतील, तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही, मग अशा परस्पर अपवर्जी घटनांना स्वतंत्र घटना का म्हणायचे नाही? त्याला जोडून तुम्ही आणखी दोन शंका लिहिल्या आहेत. संभाव्यतांची बेरीज कधी करायची आणि गुणाकार कधी, ही एक. आणि ‘अ घडली असता ब’ व ‘ब घडली असता अ’ या दोन सशर्त संभाव्यतांमध्ये फरक तो काय, ही दुसरी. मी बरीच वर्षे हा विषय पहिल्या वर्षाला शिकवला आहे. या तीन शंका बहुधा हातात हात घालूनच येतात, कारण तिन्हींचे मूळ एक आहे : आपण सांगत असलेली संभाव्यता नेमकी कशापैकी आहे, हे मनाशी पक्के झालेले नसते.

‘पैकी’ हा आपल्या भाषेतला या विषयासाठी फार मोलाचा शब्द आहे. ‘सहापैकी एक’ असे म्हणताना आपण छेद आधी उच्चारतो आणि अंश नंतर, आणि विचाराचा योग्य क्रमही तोच आहे. आधी नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सर्व निष्पत्ती, आणि मग त्यांतल्या आपल्याला हव्या असलेल्या. हा क्रम सोडला की भले भले चुकतात. फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या छापा-काट्यावरील नोंदीत असा युक्तिवाद केला होता की, नाणे दोनदा उडवायचे असेल, तर पहिल्याच वेळी छापा पडल्यावर खेळ संपतो. म्हणून शक्यता तीनच उरतात, ‘छापा’, ‘काटा मग छापा’ आणि ‘काटा मग काटा’, आणि त्यांतल्या दोन अनुकूल असल्याने किमान एक छापा पडण्याची संभाव्यता २/३ येते. बरोबर उत्तर ३/४ आहे. त्याने मोजलेल्या तीन निष्पत्ती समसंभाव्य नव्हत्या. पहिलीचे वजन १/२ आणि उरलेल्या दोघींचे प्रत्येकी १/४ होते. मोजणीत त्याची चूक नव्हती, चूक ‘पैकी’च्या आधीच्या भागात होती.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. पाठ्यपुस्तकात बावन्न पत्त्यांचे उदाहरण असते, पण मी मुद्दाम पाच-तीन-दोन या खेळाचा कॅट घेतो. तिघांना प्रत्येकी दहा पत्ते पुरावेत म्हणून या खेळात तीस पत्ते ठेवतात : चारही प्रकारांतले एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आणि अठ्ठी असे अठ्ठावीस, शिवाय बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. म्हणजे बदामाचे आठ, इस्पिकचे आठ, चौकटचे सात आणि किलवरचे सात. हे पत्ते प्रत्यक्ष समोर मांडून बसलात तर पुढचे सगळे नुसत्या नजरेने दिसेल.

पत्ते नीट पिसून एक पत्ता ओढला. तो बदामाचा असण्याची संभाव्यता ८/३० आणि इस्पिकचा असण्याचीही ८/३०. एकच पत्ता एकाच वेळी बदाम आणि इस्पिक असू शकत नाही, म्हणून या घटना परस्पर अपवर्जी आहेत. आता मी पत्ता पाहिला आणि ‘बदाम आहे’ एवढेच तुम्हाला सांगितले. तो इस्पिकचा असण्याची संभाव्यता आता किती? शून्य. मी बोलण्यापूर्वी ती ८/३० होती आणि माझ्या एका वाक्याने ती पार पुसली गेली. एका घटनेची बातमी कळताच दुसरीची संभाव्यता बदलत असेल, तर त्या घटना परस्परांवर अवलंबून आहेत, आणि इथे तर बदल होता होईल तेवढा मोठा आहे. एकत्र न घडणे हाच त्यांच्यातला संबंध आहे, आणि तो फार घट्ट आहे. ज्यांची संभाव्यता शून्य नाही अशा दोन परस्पर अपवर्जी घटना म्हणूनच कधीही स्वतंत्र असू शकत नाहीत.

तुमचा गोंधळ ‘स्वतंत्र’ या शब्दाने वाढवला असावा असे मला वाटते. ‘स्वतंत्र खोली’, ‘स्वतंत्र नळजोडणी’ असे आपण रोज म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ ‘वेगळी, दुसरीत न मिसळणारी’ असा असतो. तो अर्थ मनात धरून संख्याशास्त्राचे पुस्तक उघडले की, वेन आकृतीतली, म्हणजे घटना वर्तुळांनी दाखवणाऱ्या आकृतीतली, एकमेकांना न शिवणारी दोन वर्तुळे आपोआप ‘स्वतंत्र’ वाटू लागतात. संख्याशास्त्रातला अर्थ निराळा आहे : एक घटना घडली हे कळल्याने दुसरीच्या संभाव्यतेत काहीही फरक पडत नाही. हे वर्तुळांच्या आकृतीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी आकडे तपासावेच लागतात.

ते किती बारकाईने तपासावे लागतात, हेही याच तीस पत्त्यांत दिसते. ‘राजा’ आणि ‘बदाम’ या घटना स्वतंत्र आहेत का? बावन्न पत्त्यांच्या कॅटमध्ये आहेत, कारण बावन्नपैकी चार राजे म्हणजे १/१३, आणि बदामाच्या तेरापैकी एक राजा म्हणजेही १/१३. आपल्या कॅटमध्ये मात्र तीसपैकी चार राजे, म्हणजे २/१५, सुमारे ०.१३३, आणि बदामाच्या आठपैकी एक राजा, म्हणजे ०.१२५. फरक थोडा आहे, पण आहे, म्हणून इथे त्या स्वतंत्र नाहीत. त्याच कॅटमध्ये ‘राजा’ आणि ‘लाल पत्ता’ घ्या : लाल पत्ते पंधरा, त्यांतले राजे दोन, म्हणजे २/१५, अगदी मूळ संभाव्यतेइतकेच. या दोन घटना स्वतंत्र आहेत. बदाम सत्ती आत आल्याने बदामांतले राजांचे प्रमाण किंचित पातळ झाले, तर लाल आणि काळ्या पत्त्यांत एकेक सत्ती सारखी वाटली गेल्याने तिथला तोल राहिला. राजा आणि बदाम यांच्यात ‘स्वभावतः’ काही नाते आहे किंवा नाही, असा हा प्रश्नच नव्हता. तो प्रमाणांचा प्रश्न होता.

बेरीज आणि गुणाकाराबद्दल. ‘अ किंवा ब’ यासाठी दोन्ही संभाव्यतांची बेरीज करायची आणि दोनदा मोजला गेलेला सामाईक भाग एकदा वजा करायचा. आपल्या कॅटमध्ये ‘राजा किंवा बदाम’ यासाठी ४ + ८ − १, म्हणजे ११/३०. परस्पर अपवर्जी घटनांत सामाईक भाग नसतो म्हणून नुसती बेरीज चालते, एवढेच त्या शब्दाचे काम. नुसती बेरीज कुठे चालत नाही, याचे एक उदाहरण लक्षात ठेवा. फासा चार वेळा टाकल्यास किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता चार वेळा १/६ म्हणजे ४/६ असे पुष्कळ जण लिहितात. हाच हिशेब सहा फेकींना लावला तर उत्तर १ येते, म्हणजे सहा फेकींत सहा हमखास पडायला हवे, आणि तसे होत नाही हे ल्यूडो खेळणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. ‘पहिल्या फेकीत सहा’ आणि ‘दुसऱ्या फेकीत सहा’ या घटना एकत्र घडू शकतात, म्हणून इथे पूरक घटनेकडून जावे : चारही वेळा सहा न पडण्याची संभाव्यता ६२५/१२९६, म्हणून किमान एकदा पडण्याची ६७१/१२९६, सुमारे ०.५१८. जुगाराच्या अशाच प्रश्नांवरून १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि या शास्त्राचा पाया त्यात घातला गेला.

‘अ आणि ब’ यासाठी गुणाकार. पण गुणाकाराचा नियम फक्त स्वतंत्र घटनांसाठी आहे, ही समजूत काढून टाका. नियम नेहमीच लागू आहे. दुसरा गुणक ‘अ पैकी ब’ असा घ्यायचा, इतकेच. राजा असण्याची संभाव्यता ४/३०, राजांपैकी बदामाचा असण्याची १/४, गुणाकार १/३०, आणि तीस पत्त्यांत बदाम राजा खरोखर एकच आहे. ४/३० ला ८/३० ने गुणलेत तर ३२/९०० येते, आणि ते चूक आहे. घटना स्वतंत्र असतील तेव्हाच ‘अ पैकी’ ही अट गाळता येते, आणि त्या वेळी स्वातंत्र्य आपण तपासले आहे की नुसते गृहीत धरले आहे, हे स्वतःला विचारायला हवे.

याच उदाहरणात तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर आहे. ‘बदामांपैकी राजा’ १/८ आहे आणि ‘राजांपैकी बदाम’ १/४ आहे. अंशातला पत्ता तोच, बदाम राजा. बदलला तो छेद. ‘दिले असता’ हा पुस्तकी शब्दप्रयोग बरोबर असला, तरी त्याने छेद झाकला जातो. प्रत्येक सशर्त संभाव्यता वहीत लिहिताना ‘पैकी’ वापरून एक पूर्ण वाक्य लिहा.

हा आग्रह मी का धरतो, त्यासाठी इंग्लंडमधला एक खटला सांगतो. सॅली क्लार्क या महिलेची दोन तान्ही बाळे १९९६ आणि १९९८ साली दगावली, आणि १९९९ साली तिला त्यांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. तिच्यासारख्या कुटुंबात बाळाचा असा अचानक, कारण न सापडणारा मृत्यू होण्याचे प्रमाण ८,५४३ पैकी एक आहे, म्हणून एकाच घरात दोन मृत्यू होण्याची संभाव्यता या संख्येचा वर्ग करून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका वैद्यकीय तज्ज्ञाने साक्षीत सांगितले. वर्ग करणे म्हणजे दोन्ही मृत्यू स्वतंत्र मानणे. पण भावंडांची आनुवंशिकता, घर, हवा सारखी असते. एक मृत्यू झालेल्या घरांपैकी दुसरा मृत्यू किती घरांत होतो, हा आकडा तिथे हवा होता, आणि तो कोणी मांडलाच नाही.

दुसरी चूक याहून खोल आहे. तो आकडा खरा मानला, तरी तो निर्दोष कुटुंबांपैकी किती घरांत असे दोन मृत्यू होतील, एवढेच सांगतो. न्यायालयापुढचा प्रश्न उलटा होता : दोन बाळे दगावलेल्या घरांपैकी किती घरांत आई निर्दोष असते? दोन तान्ह्या बाळांचा आईकडून खून होणे हीदेखील अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे, आणि एक दुर्मीळ कारण दुसऱ्या दुर्मीळ कारणाशी ताडून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर निघत नाही. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली शिक्षा रद्द झाली, ती मुख्यतः वैद्यकीय तपासणीचे काही निष्कर्ष बचाव पक्षाला कळवलेच गेले नव्हते म्हणून. पण अपील न्यायालयाने त्या आकड्याच्या वापरावरही स्पष्ट नापसंती नोंदवली. तोवर ती आई तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होती.

आता एक काम करा. त्या तीस पत्त्यांतून दोन्ही सत्त्या बाजूला काढा आणि उरलेल्या अठ्ठावीस पत्त्यांत ‘राजा’ व ‘बदाम’ या घटना पुन्हा तपासा. अठ्ठावीसपैकी चार आणि सातपैकी एक, दोन्हीकडे १/७ येईल आणि त्या स्वतंत्र झालेल्या दिसतील. मग एकटी बदाम सत्ती परत घाला, ‘राजा’ व ‘लाल पत्ता’ यांचे काय होते ते एकोणतीस पत्त्यांवर मोजा, आणि आपले उत्तर ‘पैकी’ वापरून लिहिलेल्या वाक्यांसह इथेच कळवा. मी तपासून देईन.