धड्याखाली प्रश्न नाहीत, मग वाचायचं काय?

मे महिना लागला की एक ठरलेली काळजी घेऊन पालक माझ्याकडे येतात. लेकरू सातवी पास झालं, गावातली जिल्हा परिषदेची शाळा संपली, आठवीला तालुक्याच्या हायस्कूलात नाव घातलं. तिथल्या मराठीच्या सरांनी सुट्टीत एक छोटी कादंबरी वाचायला सांगितली आहे आणि शाळा उघडली की तिच्यावर दोन पानं लिहून द्यायची आहेत. लेकरू पुस्तक घेऊन बसतं, पण पुढं सरकत नाही. आईबापाला वाटतं, हिला साधी मराठीच येत नाही की काय? मग हायस्कूलात हिचा निभाव कसा लागायचा?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देण्यापेक्षा एका मुलीची हकीकत सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची आणि तिच्या आईची परवानगी आहे.

मुलगी मेहकर-लोणारच्या पट्ट्यातल्या लहान गावची. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. आई तिला घेऊन आली ती उन्हाचा तडाखा चुकवून, सकाळच्या पहिल्या एसटीनं. "मॅडम, पोरगी पुस्तक उघडते अन् रडते. इतके दिवस झाले, दहा पानाच्या पुढं जात नाही. बाकीच्या पोरीचं वाचून झालं म्हणते." वडील दाराशीच उभे होते. ते म्हणाले, "गोष्टीचं पुस्तक वाचून काय होते? त्यापरीस गणित पक्कं कर म्हणलं तिले."

पुस्तक होतं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ साली आलेली ही कादंबरी दीडशेच्या आत पानांची आहे. औंध संस्थानातली, माणदेशातली धनगरांची वाडी. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर तिथल्या शाळेवर येतो. शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं रानात. वाडीचा म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, शाळा भरू लागते, मास्तर हळूहळू वाडीच्या सगळ्या अडीनडीत ओढला जातो. सगळ्यांच्या कष्टानं तालीम उभी राहते. आणि मग पाऊस पाठ फिरवतो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते. इतकी साधी गोष्ट. पण माणसं पुष्कळ, बोलणं माणदेशी, आणि कोणतीही गोष्ट लेखक समजावून सांगत बसत नाही.

अशा वेळी मी पहिल्यांदा डोळे तपासून घ्यायला सांगते. चष्मा लागलेला असतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो, असं किती तरी वेळा निघतं. हिचे डोळे ठीक निघाले. मग तिला सातवीच्या पुस्तकातला एक उतारा आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचायला दिली. सातवी झालेलं मूल अक्षरांत गोंधळत असेल, जोडाक्षरापाशी दर वेळी अडत असेल, ओळ सुटत असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेली अडचण आहे, तिची रीतसर तपासणी होते, आणि त्या मुलाला 'आळशी' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ही मुलगी मात्र खणखणीत वाचत होती. बातमीत काय आहे हेही तिनं नीट सांगितलं.

मग अडत होतं कुठं? मी तिला पुस्तकासोबतची वही दाखवायला सांगितली. पहिल्या दहा पानांतला प्रत्येक अवघड शब्द वहीत उतरवलेला, समोर अर्थ, कुठं अर्थाची जागा कोरी. माणसांची नावं पाठ करायला वेगळी लिहिलेली. पुस्तकात पेन्सिलीच्या रेघा इतक्या, की रेघ नसलेली ओळ शोधावी लागावी. एखाद्या वाक्यापाशी अडली की ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. अशी किती वेळा केली, तिलाच आठवत नव्हतं. मास्तर अजून वाडीत नीट पोचलाही नव्हता आणि ही थकून गेली होती.

"मागून पुन्हा का वाचतेस बेटा?" मी विचारलं. ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "धड्याखाली प्रश्न असतात, मॅडम. याच्यात नाहीत. मग महत्त्वाचं कोणतं, हे कसं समजायचं?"

मला वाटतं, आठवीच्या उंबरठ्यावरची बहुतेक मुलं हेच म्हणत असतात, फक्त त्यांना इतकं नेमकं सांगता येत नाही. सात वर्षं त्यांनी वाचलं ते स्वाध्यायासाठी. धडा संपला की एका वाक्यात उत्तरे, कोण कोणास म्हणाले, रिकाम्या जागा. वाचायचं कशासाठी हे दुसऱ्यानं ठरवून दिलेलं. कादंबरीत ते ठरवायचं काम अचानक मुलावर येऊन पडतं. मग हुशार, कष्टाळू मूल सगळंच महत्त्वाचं धरून चालतं आणि सगळ्याच्या ओझ्याखाली बसतं. जी मुलं अभ्यासाकडे लक्ष देत नाहीत ती अशी अडत नाहीत. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतात ती बहुधा चांगली मुलंच असतात, हे मी पालकांना मुद्दाम सांगते.

तिची आणखी एक भीती होती, ती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. हायस्कूलातल्या मुलींचं बोलणं तिला शुद्ध वाटत होतं. नाव घालायला गेली तेव्हा ती "मले" म्हणाली आणि रांगेतल्या दोघी हसल्या. शाळा उघडल्यावर सरांनी पुस्तकावर उभं करून विचारलं तर तोंडातून काय निघेल, या धाकात ती महिनाभर होती. मी तिला 'बनगरवाडी'तली धनगरांची बोलणी काढून दाखवली. ही माणसं पुस्तकी बोलतात का? नाही. लेखकानं त्यांचं बोलणं दुरुस्त केलं का? तेही नाही. आणि हे पुस्तक मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत मोजतात. तिनं पुस्तक हातात घेऊन ती पानं परत पाहिली. काही बोलली नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा ती मान वर करून बाहेर गेली.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. वही आणि पेन्सिल आठ दिवस आईच्या पेटीत ठेवायला सांगितली. शब्द अडला तर त्याला तिथंच सोडून पुढं जायचं, मागं फिरायचं नाही. आणि वाचायचं एकटीनं खोलीत कोंडून नाही, तर दिवस मावळल्यावर, अंगणात बाजेवर बसून, आई आणि आजीला ऐकू जाईल असं मोठ्यानं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी घराची भिंतसुद्धा तापलेली असते, त्या उकाड्यात पोरानं पुस्तकात डोकं घालावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पहाट आणि संध्याकाळ, वाचनाच्या वेळा या दोनच.

आजीला अक्षर येत नाही, पण गोष्ट तिनं लगेच धरली. मास्तरला शाळेत एकही पोर सापडत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "पोरं कशाले येतीन? मेंढ्या कोण पाहीन?" हे उत्तर कोणत्याही स्वाध्यायात लिहिण्याजोगं आहे. नातीनं ते मला हसत हसत सांगितलं. दुष्काळाची पानं आली तेव्हा आजीनं बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीचं, खडी फोडायला गेलेल्या बायांचं. त्या रात्री वाचन दोन पानंच झालं, आणि ते बरोबरच झालं.

त्यात एक योग असा, की उन्हाळ्यात त्यांच्या शिवारात धनगर मेंढ्या घेऊन येतात. पीक निघालेल्या वावरात मेंढ्या बसवतात, लेंड्यांचं आणि मुताचं खत होतं, बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. हे ती लहानपणापासून बघत होती, पण पुस्तकातले धनगर आणि वावरातले धनगर एकच, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. मी म्हटलं, "त्या मावशींशी बोलून ये की." ती गेली. मेंढ्या मोजतात कशा, लांडगा येतो का, पाऊस लागला की कुठं जातात, सगळं विचारून आली. आणि न सांगता एक प्रश्न विचारून आली, "मावशी, तुमच्या लेकराची शाळा?" मोठा मुलगा गावी आजीजवळ राहून शिकतो, धाकटा सोबत फिरतो, असं त्या बाईनं सांगितलं. धाकट्याला विचारलं तर तो मेंढीच्या पिल्लामागं पळून गेला. मुलीनं त्या रात्री पेटीतून वही मागून घेतली. या वेळी तिच्यात शब्दार्थ नव्हते.

या कादंबरीत शेकू नावाचा माणूस आहे. पेरणीला बैलाची जोडी नसते, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतःचा खांदा जुवाखाली देते. हा भाग वाचला त्या संध्याकाळी वडील पलीकडे बसून दोर वळत होते. त्यांचे हात थांबले. एका साली ऐन मिरगाच्या तोंडावर त्यांचा एक बैल गेला होता आणि गावात कोणी जोडी द्यायला तयार नव्हतं, कारण पेरणी सगळ्यांचीच अडलेली. हे त्यांनी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि मग म्हणाले, "वाच. पुढं काय झालं?" पुढच्या भेटीला आले तेव्हा गणिताचं त्यांनी काढलं नाही. मी मात्र काढलं. गणितही करायचंच आहे, सकाळी अर्धा तास पुरे, त्याचं आणि पुस्तकाचं भांडण लावू नका.

पालक विचारतात, मोबाईलवर सारांश ऐकवला तर चालेल का? माझं मत स्पष्ट आहे: पुस्तक संपेपर्यंत नको. सारांशात शेकूची बायको एका वाक्यात उरकते, आणि वडिलांचे हात थांबावेत असं त्या वाक्यात काही नसतं. अमोल पालेकरांनी १९९५ साली या कादंबरीवर चित्रपट केला आहे, तोही नंतर पाहावा. आधी पाहिला तर मास्तरचा चेहरा, वाडीची घरं, सगळं तयार मिळतं आणि मुलाच्या मनात काही उभं राहायला जागाच उरत नाही. नंतर पाहिला तर मूल भांडतं, "कारभारी असा नव्हता!" ते भांडण फार मोलाचं.

पहिलं वाचन संपल्यावर मी तिला तीनच गोष्टी विचारल्या. तुला राग कोणाचा आला, कीव कोणाची आली, आणि पुस्तकात असं काय घडलं की जे घडायला नको होतं? 'लेखकाला काय सांगायचं आहे' हा प्रश्न मी या वयाला विचारत नाही. तो विचारला की मूल पुन्हा सरांच्या मनातलं उत्तर शोधायला लागतं. तिचं उत्तर होतं, वाडी उठून गेली ते व्हायला नको होतं. मग तिनंच विचारलं, "गावच राहणार नव्हतं तर तालीम बांधून काय उपेग झाला?" मी म्हटलं, याच्यावरच लिही. तुझी दोन पानं हीच.

ती दुसऱ्यांदा वाचायला बसली, या वेळी एकच प्रश्न घेऊन, आणि कुठं रेघ मारायची हे तिला आपोआप कळू लागलं. तालीम बांधताना कोण कोण कामाला आलं, आधी कोण बोलत नव्हतं, नंतर कोण बोलायला लागलं, इतकंच तिनं टिपलं. शेवटी पावणेदोन पानं झाली. उत्तर तिला पूर्ण पटलेलं नव्हतं. तालीम ओस पडली हे तिनं लिहिलं, आणि ती बांधताना माणसं एकत्र आली तेही खोटं नव्हतं, असं लिहून तिथंच थांबली. आईला वाटत होतं की शेवट बरोबर झाला नाही, माझ्याकडून तो पुरा करून घ्यावा. मी एक ओळही बदलली नाही. शुद्धलेखनाच्या दोन-तीन चुका दाखवल्या, त्या तिनं स्वतः दुरुस्त केल्या.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात, हा आपल्या मुलांचा फायदा आहे. तुमच्या घरी असं पुस्तक अजून उघडलंच नसेल आणि जूनचा पहिला आठवडा लागला असेल, तरी घाबरू नका. रोज संध्याकाळी दहा-बारा पानं मोठ्यानं वाचली तर पंधरवड्यात एक वाचन होतं. मग दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवा आणि जेवताना फक्त त्यातल्या माणसांविषयी बोला. लिहायला बसवायचं ते त्यानंतर, आणि मुलाचा स्वतःचा एक प्रश्न तयार झाल्यावरच. प्रश्न मुलाला सुचत नसेल तर ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी विचारतंच. घरात आजी असेल तर तिला पहिल्या रांगेत बसवा.