वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये एकट्याने तीन कॅरेक्टर चालवायची असतील तर कोणते क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) घ्यावेत? मेज (जादूगार), रोग (जवळून वार करणारा) आणि प्रीस्ट घ्यायचा माझा विचार आहे.

गेममध्ये अलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष आहेत. अलायन्समध्ये खेळणार असाल तर पॅलाडिन (पुढे राहून मार झेलणारा, म्हणजे टँक), वॉरलॉक (लांबून शाप देऊन मारणारा) आणि प्रीस्ट (साथीदारांना बरं, म्हणजे हील करणारा) घ्या. तुम्ही मनात धरलेलं मेज, रोग, प्रीस्ट हे त्रिकूट मीही आधी घेतलं होतं आणि २० व्या लेव्हलच्या आसपास सोडून दिलं. तिन्ही क्लास चांगलेच आहेत, पण तीन कॅरेक्टरच्या तीन विंडो सांभाळणारे हात दोनच असतात.

एकदा दाबलेलं बटण सगळ्या विंडोंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली. अनेक अकाउंट एकाच वेळी चालवायला मनाई नाही, पण प्रत्येक विंडोत जाऊन बटण आपणच दाबायचं. म्हणून क्लास निवडताना मी एकच बघतो: बटण दाबून मी दुसऱ्या विंडोत गेलो की मागे काम चालू राहतं का?

वॉरलॉकचं राहतं. त्याचे मंत्र एकदा लावले की शत्रूला हळूहळू मारत राहतात: कर्स ऑफ ॲगनी (कर्स म्हणजे शाप) २४ सेकंद चालतो, वरच्या रँकचं करप्शन १८ सेकंद, आणि पेट (त्याच्यासोबतचा राक्षस) आपला आपण लढत असतो. पहिले पाच टॅलंट पॉइंट करप्शन इन्स्टंट करण्यात घाला, म्हणजे दोन सेकंद थांबणंही वाचतं. प्रीस्टचं रिन्यू (हळूहळू हील करणारा मंत्र) १५ सेकंद टिकतं. याउलट रोगला सतत बटण हवं, शिवाय शत्रूला चिकटून राहायला हवं. तुमची नजर दुसरीकडे असताना टँक चार पावलं मागे सरकला की रोग जागच्या जागी उभा.

लांबून मारणाऱ्यांचा आणखी एक फायदा आहे. फॉलो लावलं की ते पुढच्याच्या पाठीमागे, त्याच दिशेला तोंड करून थांबतात. पॅलाडिन शत्रूसमोर उभा राहिला की बाकीच्यांचं तोंडही आपोआप बरोबर असतं. मॅक्रोत (एका बटणात बसवलेल्या आदेशात) पॅलाडिनचं नाव घालून असिस्ट, म्हणजे त्याचंच टार्गेट पकडायचा आदेश, लावा, टार्गेट शोधायला नको. हीलच्या मॅक्रोतही त्याचंच नाव. पॅलाडिनचा रेट्रिब्युशन ऑरा मारणाऱ्याला परत मार देतो, तेही बटण न दाबता.

वॉरलॉक का, हे मला खरं डेडमाइन्स या गेममधल्या गुहेत कळलं. तिथले डेफियास नावाचे लुटारू जीव थोडा उरला की पळत सुटतात आणि पुढच्या टोळीला घेऊन येतात. मी प्रीस्टच्या विंडोत शील्ड देत होतो, परत आलो तर समोर दोनाचे पाच झालेले. त्यानंतर १४ व्या लेव्हलला मिळणारा कर्स ऑफ रेकलेसनेस वापरायला लागलो. तो लावलेला शत्रू पळत नाही. ॲगनी सोडावा लागतो आणि शत्रूचा मार थोडा वाढतो, पण एकट्या माणसाला हा सौदा परवडतो.

वॉरलॉकच्या समनिंगवर (दूरच्या कॅरेक्टरला जवळ बोलावण्यावर) मात्र विसंबू नका. त्याला वॉरलॉकशिवाय दोघं लागतात, म्हणजे बोलावलं जाणारं कॅरेक्टर चौथं. तिघांत ते जमत नाही.

गोळा करायच्या क्वेस्टमध्ये वस्तू प्रत्येकासाठी वेगळ्या लागतात. दहा मागितल्या की तीस. मी अशा बऱ्याचशा सोडतो आणि मारायच्या क्वेस्ट घेतो, त्यात एकच मार तिघांच्या खात्यात जातो.

होर्डमध्ये क्लासिकला पॅलाडिन नाही. तिथे वॉरियर पुढे ठेवा आणि हील करायला शमन घ्या. शमनचा टोटेम (जमिनीवर ठेवायचा जादूचा खांब) एकदा ठेवला की तोही आपलं काम करत राहतो.