सांधा कुणाच्या नावावर?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं तुझ्या प्रकल्पाचं वेळापत्रक मिळालं. आठशे ओळींचा तो बार चार्ट दोन रात्री बसून वाचला. कष्ट दिसतात त्यात. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुणाला किती दिवस, सगळं नेटकं मांडलंयस. शेवटी तू विचारलंस, की हे सगळं हाताळायला सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? तुझ्या टीमला जे नीट वापरता येतं ते घे, त्यात फार डोकं घालू नकोस. मला त्या चार्टमध्ये दुसरीच एक गोष्ट खटकली आणि म्हणून लगेच लिहायला बसले.

तुझ्या प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव आहे. पण एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथं नुसता बाण काढलायस. त्या बाणापुढे कुणाचंच नाव नाही. आणि घोडं पेंड खातं ते तिथंच.

मी तुझ्या वयाची असताना एका प्रकल्पावर मोठे पंप बसवायचे होते. पाया बांधणारी टीम वेगळी, पंप पुरवणारी वेगळी. पाया ओतून झाला, पंप जखडून ठेवणारे अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये पक्के झाले. पंप आला, क्रेननं उचलला, आणि खाली उतरवताना लक्षात आलं की पंपाखालच्या बेसप्लेटची भोकं आणि बोल्ट जुळतच नाहीत. पायाच्या सिव्हिलवाल्यांनी ड्रॉइंगच्या ज्या रिव्हिजनवर, म्हणजे सुधारित आवृत्तीवर, काम केलं होतं, तिच्यानंतर पंपवाल्यांनी आणखी दोन रिव्हिजन काढल्या होत्या. त्या वेळेवर निघाल्या होत्या, रजिस्टरमध्ये नोंदही होती. दोन्हीकडच्या माणसांनी आपापलं काम चोख केलं होतं. मात्र नवं ड्रॉइंग निघालं की पायावाल्यांना जाऊन सांगायचं, हे काम कुणाच्याच कागदावर नव्हतं. समन्वय माझ्याकडे होता आणि मलाही ते माझं काम वाटलं नव्हतं. पाया फोडून पुन्हा करावा लागला, तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ज्यांना ओव्हरटाइम करावा लागला त्यांचे चेहरे मला आजही आठवतात.

हे लहानशा साइटवरच होतं असं समजू नकोस. एअरबसच्या ए३८० या विमानात साधारण ५३० किलोमीटर वायर असते. जर्मनीत हॅम्बुर्गला तयार झालेले धडाचे भाग जोडणीसाठी फ्रान्समध्ये तुलूझला आले, तेव्हा वायरांचे जुडगे ठरलेल्या जागी पोचेनात, लांबीला कमी पडू लागले. जर्मनीतले डिझायनर कॅटिया या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत काम करत होते आणि फ्रान्समधले पाचव्या. वायरिंगमध्ये बदल होत गेले, पण ते दोन्हीकडच्या मॉडेलमध्ये सारखे उतरले नाहीत. हजारो वायरी हातानं काढून पुन्हा ओढायची वेळ आली. २००६ मध्ये एकामागून एक उशीर जाहीर झाले आणि पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे दीडदोन वर्षं उशिरा.

आता सांग, दोन आवृत्त्या कशामुळे राहिल्या? ती कंपनी वेगवेगळ्या देशांतल्या जुन्या कंपन्यांमधून घडली होती. २००१ मध्ये कायद्यानं एक झाली, पण कामाच्या सवयी, हत्यारं, वरिष्ठांकडे बघायची नजर या गोष्टी काही सहीशिक्क्यानं एक होत नाहीत. मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: एखादी संस्था जे काही डिझाइन करते, त्याची घडण त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात त्या घडणीसारखीच होते. त्यानं ते सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, पण मला ते पूल, कारखाने, रुग्णालयांच्या इमारती, सगळीकडे खरं ठरताना दिसलं. जी दोन खाती एकमेकांच्या फोनला उत्तर देत नाहीत, त्यांच्या कामाचे दोन भाग जुळत नाहीत. म्हणून नव्या प्रकल्पावर गेले की मी आधी संस्थेची रचना मागून घेते, ड्रॉइंग नंतर बघते. कोण कुणाला रिपोर्ट करतं, कोण कुणाच्या शेजारी बसतं, कुणाचं कुणाशी मागच्या कामात वाजलं होतं, एवढं कळलं की तडा कुठं जाईल याचा बराचसा अंदाज येतो.

तेव्हा सॉफ्टवेअर राहू दे, आधी सांध्यांची, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या हातात जातं त्या जागांची, यादी कर. तुझ्या प्रकल्पावर चार संस्था आहेत, म्हणजे दोन-दोनच्या जोड्या सहा, आणि प्रत्येक जोडीत डझनभर तरी देवघेवी निघतील. प्रत्येक देवघेवीसाठी लिहून काढ: नेमकं काय द्यायचं, कुठल्या स्वरूपात, कुठल्या एककात, कुठल्या रिव्हिजनचं, कधी, कोण देणार, कोण घेणार. ‘मिळालं’ कशाला म्हणायचं हे घेणाऱ्याकडून लिहून घे, देणाऱ्याकडून नको, कारण देणाऱ्याच्या लेखी ई-मेल गेला की काम संपलं. आणि त्या ओळीचा मालक म्हणून एकच नाव टाक. दोन नावं टाकलीस की दोघंही एकमेकांकडे बघत बसतील. ही यादी करायला बसशील तेव्हा भांडणं होतील. होऊ देत. कागदावर झालेलं भांडण काँक्रीट फोडण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

एकक लिहायला सांगितलं ते उगाच नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच नाहीसं झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर यानाच्या थ्रस्टरच्या, म्हणजे छोट्या इंजिनांच्या, धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि ते वापरणारे ते न्यूटन-सेकंद समजत होते. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. मला त्या प्रकरणात याहून महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. मार्ग आखणाऱ्यांना आकड्यांत काहीतरी जुळत नाही अशी शंका आली होती. ती बोलण्यात, ई-मेलमध्ये फिरली, पण अडचण नोंदवायची जी ठरलेली पद्धत होती तिच्यात शेवटपर्यंत गेली नाही, म्हणून तिचा पाठपुरावाही कुणी केला नाही. तुझ्या प्रकल्पावर शंका नोंदवायची एक जागा ठेव, आणि तिथली प्रत्येक ओळ कुणीतरी सही करून बंद केल्याशिवाय मिटू देऊ नकोस.

आता तुझ्या तारखेबद्दल. तू लिहिलंयस, ‘दहाही पॅकेजेस वेळेवर आहेत, प्रत्येकाची खात्री नव्वद टक्के आहे, त्यामुळे एकत्र चाचणी ठरल्या दिवशी सुरू होईल.’ पॅकेज म्हणजे एकेकाला वाटून दिलेला कामाचा भाग. जरा गणित कर. दहाही तयार असल्याशिवाय चाचणी सुरू होणार नाही. प्रत्येकाची शक्यता ०.९ धरली आणि ती एकमेकांवर अवलंबून नाहीत असं मानलं, तर दहाही त्या दिवशी तयार असण्याची शक्यता येते साधारण ३५ टक्के. म्हणजे तीन वेळा असा प्रकल्प केलास तर दोनदा तारीख चुकेल, तेही सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम करून. बार चार्ट हे कधीच दाखवत नाही. तो प्रत्येक कामाच्या पट्टीला एकच पक्की लांबी देतो, जणू तिचे दिवस देवानं ठरवून दिलेत. जिथं पुष्कळ पट्ट्या एका ठिकाणी येऊन मिळतात तिथं मोकळे दिवस राखून ठेव, आणि ते प्रत्येक कामात थोडे थोडे वाटून टाकू नकोस. वाटलेले दिवस ज्याचे तो खाऊन टाकतो.

आणि ‘नव्वद टक्के झालं’ हे शब्द ऐकलेस की सावध हो. एखादं काम दोन महिन्यांत नव्वदवर जातं आणि पुढचे दोन महिने नव्वदवरच बसून राहतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता टक्के विचारणंच सोडून दिलंय. मी विचारते: कुठले तुकडे पुरे होऊन पुढच्याच्या हातात गेले, आणि कुठले गेले नाहीत? तुकडे लहान असले की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं.

माणसं वाढवून मागायचा विचार दिसतो तुझ्या पत्रात. थांब जरा. खोदकामाला माणसं वाढवली तर खोदकाम लवकर होतं, पण जिथं विचार करून, एकमेकांना विचारून काम होतं तिथं गणित उलटं फिरतं. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा असतात, दहा माणसांत पंचेचाळीस, पन्नास माणसांत १,२२५. शिवाय नव्यांना शिकवणार कोण, तर जे आधीच मागे पडलेत तेच. आयबीएममध्ये एका अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळणाऱ्या फ्रेड ब्रूक्स यांनी हे अनुभवावरून १९७५ मध्येच लिहून ठेवलंय: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. वाढवायचीच असतील तर आता, सुरुवातीला वाढव.

कंत्राटांबद्दल थोडक्यात. दंडाच्या कलमांवर तुझ्या वरिष्ठांचा फार भरवसा दिसतो. ज्या गोष्टी कंत्राटदाराच्या हातातच नाहीत त्यांचा धोका त्याच्या गळ्यात बांधला, की तो एक तर आधीच भाव वाढवतो, नाही तर पुढे दर आठवड्याला तुला पत्रं पाठवतो. तुझे चांगले इंजिनिअर मग उत्तरं लिहिण्यात गुंततात. धोका जो आवरू शकतो त्याच्याकडे असावा, एवढं त्यांना निक्षून सांग. वरचढपणा होईल अशी भीती बाळगू नकोस.

तू विचारलंही नाहीस ती गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती दिवसांत पोचते?

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी नासाच्या चॅलेंजर अंतराळयानाचे रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी सांगितलं, की उद्या पहाटे थंडी फार असेल, बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग्ज, नीट बसतील याची खात्री नाही, उड्डाण करू नका. फोनवर मोठी चर्चा झाली, नासाकडून नाराजी आली, आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनी इंजिनिअरांना बाजूला ठेवून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात माणसं गेली. चौकशी आयोगाला पुढे आढळलं, की उड्डाणाचा अखेरचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना कंपनीच्या त्या पहिल्या लेखी नकाराची कल्पनाच नव्हती. बातमी मधल्या पायरीवर थांबली होती. योगायोगानं तिथंही तडा सांध्यालाच गेला, एक रॉकेटचा सांधा आणि एक माणसांमधला. मी हे प्रकरण जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा गप्प बसते.

तुझ्या प्रकल्पात जीव जाणार नसतील, पण माणसं दुखणं अंगावर काढतात ती याच रीतीनं. एखादा पोरगा येऊन सांगतो, ‘मॅडम, व्हेंडरचं काम सहा आठवडे मागे आहे.’ तुझ्या तोंडून निघालेलं पुढचं वाक्य सगळी टीम ऐकते, खोलीत नसलेलीसुद्धा. ‘हे आत्ता सांगतोस?’ असं म्हणालीस तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. ‘बरं झालं सांगितलंस, बस, काय काय करता येईल बघू’ असं म्हणालीस तर पुढच्या खेपेला तो सहा आठवड्यांऐवजी सहा दिवसांचा उशीर घेऊन येईल. पहिली काही वर्षं मला हे जमलं नाही. चिडायची मी. माझ्या प्रकल्पांवर सगळं ‘वेळेवर’ असायचं आणि मग एका सकाळी एकदम काहीच वेळेवर नसायचं. हे स्वभावावर सोडू नकोस, ठरवून कर. आठवड्यातून एक दिवस साइटवर जा, सोबत कुणाला घेऊ नकोस, आणि कामाला हात लावणाऱ्यालाच विचार: तुला कशाची काळजी वाटते? उत्तर येईपर्यंत गप्प राहा. पहिल्यांदा कुणी काही बोलणार नाही, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

वरच्या बाजूलाही हेच. महिन्याभरात काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे असा तुझ्यावर दबाव आहे म्हणतेस. सिडनी ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये अशाच घाईनं सुरू झालं, छताची ती शिंपल्यांसारखी कवचं बांधायची कशी हे ठरण्याआधी. पुढे छताचा आराखडा पक्का होत गेला तेव्हा कळलं, की खाली बांधून ठेवलेले खांब ते वजन पेलणार नाहीत. ते काढून पुन्हा बांधावे लागले. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज होता, खर्च झाला १० कोटी २० लाख, आणि १९६३ ची तारीख १९७३ वर गेली. ती वास्तू मला अतिशय प्रिय आहे, तिला मी अपयश म्हणणार नाही. पण पाया आणि छत यांच्यातला सांधा ठरला नसेल तर पाया ओतायला नकार दे. लेखी दे, कारणांसकट, आणि किती आठवडे हवेत तेही लिही. आठवडे न सांगता दिलेल्या नकाराला वरचे लोक टाळाटाळ म्हणतात, आणि ते त्यांच्या जागी चुकीचे नसतात.

पुढच्या पत्रात बार चार्ट पाठवू नकोस. सांध्यांची यादी पाठव, अर्धवट असली तरी चालेल. ज्या ओळींपुढे नाव टाकता आलं नाही त्यांच्यावर लाल खूण कर, त्या मी आधी वाचेन.

तुझी,
ताई

ता.क. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल या दोघांच्या मीटिंग तू वेगवेगळ्या दिवशी ठेवल्यायस. का, ते कळव. त्यांचं पटत नाही म्हणून ठेवल्या असशील, तर एकत्रच ठेव.