मंडळीच्या यादीत नाव कशासाठी?

प्रश्न : माझा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली. रोज बायबलमधलं वचन वाचते, मोबाइलवर चांगले संदेश ऐकते आणि रविवारी तीन मंडळ्यांपैकी (चर्चपैकी) जिथे जमेल तिथे उपासनेला जाते. तारण, म्हणजे पापातून सुटका, तर विश्वासाने होतं. मग एकाच मंडळीचं सभासद कशाला व्हायचं? हा शब्द शास्त्रात तरी आहे का?

उत्तर : ताई, यादीत नाव घातल्याने कुणाचं तारण होत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. ‘सभासद’ शब्दाचा आग्रहही आम्ही धरणार नाही. प्रेषित पौलाने वापरलेला शब्द त्याहून जड आहे : ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव (1 करिंथ 12:27). सभासद सभेपुरता येऊन जाऊ शकतो. हात मात्र या रविवारी एका शरीराला आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या शरीराला जोडता येत नाही.

इब्री 13:17 म्हणतं की पुढाऱ्यांना तुमच्या जिवाचा हिशोब द्यायचा आहे. तुमचा हिशोब तिघांपैकी कुणी द्यायचा? तुम्ही तीन रविवार अंथरुणाला खिळलात, तर तिन्हीकडे एकच समज होईल, ‘ताई दुसरीकडे गेल्या असतील.’ यात कुणाचं प्रेम आटलेलं नसतं. तुमची जबाबदारी नेमकी कुणाची, हेच ठरलेलं नसतं.

पहिल्या मंडळीतही हे घडलं. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटू लागल्या, तेव्हा सात जण निवडून ते काम त्यांच्याकडे दिलं गेलं (प्रेषित 6). पुढे 1 तीमथ्य 5:9 मध्ये तर विधवांची यादीच आहे. वय 60 च्या आत नसावं, आणि ज्यांना नातलग आहेत त्यांना घरच्यांनी सांभाळावं, म्हणजे खरोखर निराधार बाईपर्यंत मदत पोचते. यादी हा आम्हाला प्रीतीचाच भाग वाटतो.

संदेश जरूर ऐका, शिक्षण मिळतं. पण इब्री 10:24-25 मध्ये एकत्र जमायचं कारण एकमेकांना प्रीतीसाठी आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन देणं हे आहे. शेजारच्या बाकावरची बहीण खचली आहे हे कळायला ती दर आठवड्याला दिसावी लागते. आणि मोबाइलवरचा उपदेशक तुमची चूक तुम्हाला एकांतात येऊन दाखवणार नाही (मत्तय 18:15).

प्रश्न : पटलं, पण मंडळी निवडायची कशी? सभासद व्हायला काय करावं लागतं?

उत्तर : आधी दोन-तीन महिने सलग एकाच ठिकाणी जा. विश्वासाचं निवेदन आणि मंडळीची घटना (नियमावली) मागून वाचा. मग विचारा : वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, कसे निवडतात? जमाखर्च सभासदांपुढे मांडतात का? पाळकांविरुद्ध तक्रार आली तर कोण ऐकतं? (1 तीमथ्य 5:19 मध्ये दोन-तीन साक्षीदारांची अट आहे, म्हणजे अशी तक्रार ऐकली जाणं शास्त्रालाच अपेक्षित आहे.) असे प्रश्न विचारल्यावर कुणी रागावलं, तर तिथे नाव देण्याची घाई करू नका.

पुढची पद्धत पंथागणिक बदलते. बहुतेक ठिकाणी पाळक किंवा वडील भेटून तुमची साक्ष (विश्वासात कशा आलात ते) आणि बाप्तिस्म्याची माहिती घेतात, काही आठवडे वर्ग असतो. जिथे बालबाप्तिस्मा देतात तिथे पुष्कळदा दृढीकरणही (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) लागतं. आधीच्या मंडळीत नाव असेल तर तिथून दाखला आणा. ही चाल जुनीच आहे : अपुल्लोस नावाचा उपदेशक अखयाला (ग्रीसमधल्या प्रांताला) निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी त्याच्यासाठी पत्र लिहिलं होतं (प्रेषित 18:27). न सांगता निघून गेलेल्यांचं नाव जुन्या यादीत वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि तिथलं भांडण मिटवायचं राहून गेलेलं असेल तर ते नव्या मंडळीत सोबत येतं.

नाव लागल्यावर पहिल्याच महिन्यात गायनवृंद, रविवारची शाळा, महिला सभा असं सगळं अंगावर घेऊ नका. वर्षभरात थकून उपासनाही सुटते. एकच काम धरा. उपासनेनंतर निघायची घाई न करता अर्धा तास थांबा, आणि बाकावर एकटं बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसा.